नाऊ, वॉज

ग्रिम्सबीच्या कॉरोनर कचेरीत
एकतीस वर्षं मी जबान्या टाइप केल्या.
खिडकी उघडली की धुरी दिलेल्या हॅडॉकचा वास,
बंद केली की ओलसर फायलींचा.
माणसं येत, भिजल्या टोप्या मांडीवर घेऊन बसत
आणि सांगता सांगता काळाची गल्लत करत.
मी ती निस्तरायचो. पगारात ते धरलेलं नव्हतं,
पण चुकलेलं क्रियापद
दाढेत अडकलेल्या काट्यासारखं सलायचं मला.

नियम साधा.
क्रियापद भूतकाळी असेल तर
'नाऊ'चं 'देन' करायचं,
'टुडे'चं 'दॅट डे',
आणि 'हिअर' भेटलं तर दंडाला धरून
'देअर'मध्ये नेऊन बसवायचं.
कुणी कधी तक्रार केली नाही.
बोटीवरून वाहून गेलेल्याची आई,
गोदीत चिरडलेल्याचा भाऊ,
सगळे न वाचता सही करत,
पेन पुसून परत देत.

चौऱ्याहत्तरच्या नोव्हेंबरात डॉर्कस थर्ल्बी आली.
नवरा पन्हळीतली पानं काढायला चढला होता,
हिने चहाचं आधण ठेवलं होतं.
जबानी जेमतेम पानभर.
पण तिने वाचली. बोट ठेवून, ओठ हलवत,
वाण्याचं बिल तपासावं तशी.
तिसऱ्या ओळीवर बोट थांबलं.
"हे मी म्हटलं नव्हतं."

म्हटलं काय होतं, ते माझ्या टिपणवहीत होतंच:
नाऊ अर्नी वॉज ऑन द लॅडर.
नाऊ द लॅडर वॉज ऑन इट्स ओन.
आता अर्नी शिडीवर होता.
आता शिडी एकटीच होती.

मी समजावलं. बाई, 'नाऊ' म्हणजे हा क्षण,
'वॉज' म्हणजे होऊन गेलेला.
दोघं एका घरात नांदत नाहीत.
तिने जरा विचार केला.
"आमच्याकडे नांदतात," म्हणाली.
मग पर्सची कडी उघडत, मिटत,
"तुम्ही 'तेव्हा' लिहिलंत
की मी खिडकीपासून लांब जाते.
मी खिडकीतच होते हो.
हातात दोन कप होते."

कार्बन बदलला. सगळं पान पुन्हा मारलं,
सात 'नाऊ', एकूण एक चुकीचे,
प्रत्येकाच्या पाठीला 'वॉज' चिकटलेलं.
खाली तिने पूर्ण नावाने सही केली,
आडनावातल्या 'एल'ला वळण देत.
हॅलम साहेबांनी दोन ठिकाणी लाल पेन्सिल ओढली,
चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.
साक्षीदार असंच बोलली, सर.
एवढंच बोललो मी.

त्यानंतर सुधारलो म्हणाल, तर नाही.
दुसऱ्याच दिवशी एका बुडालेल्या पोराच्या मामाचं 'टुडे'
मी सवयीने खोडलं.
तो थँक्यू म्हणाला.

विनी गेल्या मार्चात गेली.
शिडीबिडी काही नाही. हॉस्पिटलात,
रीतसर, जेवणानंतरच्या वेळेला.
घरी येऊन रिकाम्या बाटल्या विसळल्या
आणि दूधवाल्याला चिठ्ठी लिहिली:
आता आम्हाला एकच बाटली पुरत होती.

दारात सपाता घालून उभा राहिलो, वाचली.
पेन हातातच होतं.
'पुरत होती'चं 'पुरते' करायचं,
की 'आता'च काढून टाकायचं?
'आम्हाला'कडे तर मी पाहिलंच नाही.
गार वारा सुटला होता, घोटे दुखायला लागले.
चिठ्ठीची घडी करून
बाटलीच्या तोंडात खोचली.

सकाळी पायरीवर एकच बाटली.
चंदेरी झाकणाला
कुठल्याशा पाखराने आधीच चोच मारलेली,
साय थोडी खाल्लेली.